थांबायच्या जागा

मंगरूळपीरच्या बाजारात मी कापसाची दलाली केली. दलालाला तोंड लागतं असं लोकांना वाटतं, पण त्या काळी तोंडापेक्षा हात लागत असे. बैलबंडी उभी राहिली, कापूस उपसून पाहिला, की दलाल आणि शेतकरी जवळ सरकायचे. एकानं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या उजव्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव व्हायचा. भोवती गर्दी असायची, पण रुमालाखाली काय चाललंय ते कोणाच्या बापाला कळत नसे. हात झटकून बाहेर काढला की बोलणं फिसकटलं. मूठ आवळली की थांब, याच्या पुढे जाऊ नको. आणि हात तसाच निवांत पडून राहिला की सौदा पटला. हे सगळं उजव्या हातानं. डावा हात सौद्यात कोणी आणत नसे. चुकून आणलाच तर समोरचा बंडी हाकून निघून जायचा, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं कोणी म्हणत नसे.

ज्यांच्यासाठी मी हात चालवायचो ते साहेब गोरे होते, पण इंग्रज नव्हते. ग्रीस देशातल्या कुठल्याशा बेटावरचे. तरुणपणी एका परदेशी कंपनीच्या कापूस-खरेदीवर आले आणि इथेच म्हातारे झाले. गावाच्या लेखी गोरा तेवढा इंग्रज. एकदा शाळेच्या मास्तरांनी पारावर बसून सांगितलं की ग्रीस म्हणजेच युनान, तर दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या फाटकाशी पोटदुखीवाले येऊन बसले, युनानी हकीम आहे म्हणून. साहेबांनी सगळ्यांना एरंडेल पाजलं. त्यातल्या काहींना गुणही आला, त्यामुळे तो त्रास पुढे कित्येक दिवस चालू राहिला.

मराठी ते बाजारात शिकले, म्हणजे आमची वऱ्हाडी. पांढऱ्या मिशांचा, टोपीवाला गोरा माणूस बंडीवर चढून ओरडायचा, "पानी मारून आनला काय बे कापूस?" नवखा शेतकरी कापूस विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. घरात मात्र ते त्यांच्या भाषेत बोलत, बायकोशी. तीही त्यांच्याच बेटावरची. व्हरांड्यात चहा घेताना दोघांच्या गप्पा चालायच्या, कधी कडाक्याचं भांडण व्हायचं. मला एक शब्द समजत नसे, पण बाईंचं बोलणं कुठे संपलं आणि आता साहेबांनी उत्तर द्यायचं आहे, ते बरोबर समजायचं. बाई वारल्या. सरकी काढायच्या जिनच्या मागच्या बाभळीखाली त्यांना पुरलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात ती भाषा बोलायला दुसरं माणूस उरलं नाही.

पुढे कंपनीनं आमच्याकडची खरेदी बंद केली. साहेबांना राहायला बंगला तेवढा ठेवला. मी दुसऱ्या खरेदीदाराकडे लागलो. साहेब देशी परत का जात नाहीत, असं लोक विचारायचे. ते म्हणायचे, तिथं आता कोनी नाई, अथी निदान बाभूय हाय.

मग त्यांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की गेलं ते येणार नाही आणि उरलंय ते जाईल. डॉक्टर लोकांना भाव करायची सवय नसते, त्यामुळे ते एकच आकडा सांगून मोकळे होतात.

त्यानंतर काही दिवसांनी साहेबांचा खानसामा मला बोलवायला आला. तो दर्ग्याजवळच्या वस्तीतला, साहेबांकडे हयात घालवलेला माणूस. मी गेलो तर साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते आणि मांडीवर एक जाड, कडा झिजलेलं पुस्तक होतं.

"तुले पोथी वाचता येते," ते म्हणाले. "आसेगावात ऐकली होती म्या. आवाज चांगला हाय तुहा. मले हे वाचून दाखव."

आसेगाव माझं गाव. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान आमच्या घराकडे होता आणि वडिलांच्या मागे तो माझ्याकडे आला होता. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. पुस्तक उघडून पाहिलं. अक्षरं अशी की वाळूवर किडे फिरून गेले आहेत. मी म्हटलं, "साहेब, हे मले कसं येईन?"

"मी शिकवतो. थोडं दिसते अजून."

ते पुस्तक त्यांच्या बेटावरच्या गोष्टींचं होतं. पंडिती भाषेतलं नव्हे. तिथल्या बाया ओट्यावर बसून जशा सांगतात, तशाच शब्दांत छापलेलं. साहेबांना ते जवळपास पाठ होतं. हे कळल्यावर मी तोंडावरच विचारलं, "पाठ हाय त मंग कायले वाचाले लावता?"

"आपल्याच तोंडचं ऐकून काय करू? कोनीतरी बोलून राह्यलं, असं ऐकू आलं पायजे."

त्यांना एवढंच हवं होतं. मरायच्या आधी आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडून, बोलल्यासारखी, एकदा ऐकायची. मला वाटलं, हे काय मोठं काम आहे.

त्या पावसाळ्यात मी अक्षरं शिकलो. साहेब व्हरांड्याच्या चुन्याच्या भिंतीवर कोळशानं हातभर मोठं अक्षर काढायचे, म्हणजे त्यांनाही दिसावं. मी, पोराबाळांचा बाप, खाली फरशीवर बसून ते घोकायचो. जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक तिरकी रेघ असते, आवाज तिथे उचलायचा. त्यांचं प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं. मी तिथे घोट गिळून पुढे जायचो आणि पुस्तकातल्या बाईनं विचारलेला प्रश्न तसाच राहून जायचा. भिंत काळी झाली, पण अक्षरं बसली. भिंतीवरचं सर्वात मोठं अक्षर साहेबांना दिसेनासं झालं, तोवर मला पुस्तकातलं बारीक वाचता येऊ लागलं होतं.

पहिलं पान मी मोठ्या तयारीनं वाचलं. स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर न चुकता. साहेब ऐकत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"कोन्या भाषेतलं होतं?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "एक अक्षर चुकलं अशीन त दाखवा."

"अक्षर बरोबर हाय," ते म्हणाले. "पन तू बोलला नाई बे. तू हाकून राह्यला. बैल हाकल्यावानी."

मी उठून निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो आणि मग आठवलं की पुढच्या वळणावर पारावर माणसं बसलेली असतील आणि इतक्या लवकर कसा परतला म्हणून विचारतील. तेव्हा परत आलो. अशा कारणांनीही माणूस एखाद्या गोष्टीत अडकतो.

हाकणं म्हणजे काय, ते मला त्यांनी हळूहळू दाखवलं. पोथी वाचताना ओवीची चाल आपल्याला घेऊन जाते. चाल वर चढते, एका ठिकाणी टेकते, खाली येते, आणि ओवी संपली की श्वास. मधे अर्थ कुठे तुटला, कुठे जोडला, याची वाचणाऱ्याला फिकीर नसते, कारण ऐकणाऱ्यांना कथा ठाऊक असते. मी त्यांचं पुस्तकही तसंच वाचलं होतं. ओळ संपली की थांबलो. दम लागला की थांबलो. शब्द सगळे होते, पण बाजारात सरकी आणि रुई एकत्र सांडावी तसे पडलेले होते, आणि त्यातून साहेबांना काही वेचता येत नव्हतं.

"छापलेले विराम पाहून थांबत जाऊ काय?" मी विचारलं.

"ते डोयासाठी हायेत. तोंड अलग ठिकानी थांबते."

पण कुठे, ते सांगणार कसं? त्यांना पान दिसत नव्हतं, मला भाषा कळत नव्हती. मी वाचताना त्यांनी मधे "थांब, थांब" म्हटलं की त्या आवाजानंच सगळं मोडायचं. दोन-चार दिवस असे वाया गेले. मग एकदा त्यांनी हात पुढे करून माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाले, "चाल. भाव कर."

मी त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसलो. रुमालाखाली माझा हात, त्यावर त्यांचा. मी वाचत गेलो आणि ते दाबत गेले. एक बोट म्हणजे इथे शब्दांचा एक घोळका संपला, किंचित जागा सोड. दोन बोटं म्हणजे बोलणाऱ्यानं इथे ऐकणाऱ्याकडे पाहिलं, जास्त सोड. मूठ आवळली म्हणजे बोलणं संपलं, आवाज खाली ठेव, थांब. ओळ दाबून झाली की हपिसातली लाल-निळी पेन्सिल घेऊन मी पानावर खुणा करायचो. एका बोटाला एक निळी रेघ, दोन बोटांना दोन, मुठीला लाल. मग तीच ओळ रेघांप्रमाणे पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं तर पुढची ओळ.

बारक्या शब्दांनी मला सर्वात जास्त रडवलं. एका-दोन अक्षरांचे ते शब्द मी सुटे सुटे उच्चारायचो, कारण छापलेले सुटेच होते. साहेब चिडायचे. "कडेवरचे लेकरं हायेत ते. खाली कायले ठेवतो? मायच्या संगंच चालते ते." काही पुढच्या शब्दाच्या कडेवर, काही मागच्याच्या पाठीवर. कोण कोणाचं, ते मला कधीच आपणहून ओळखता आलं नाही. तिथे मी पेन्सिलीनं खालून एक झोळी काढायचो.

अर्थ ते सांगत नसत. "सांगतला त तू नाटक करशीन," म्हणायचे. अगदीच अडलं तर तेवढंच सांगत. एका गोष्टीत एक म्हातारी दारात उभी राहून मुलाशी बोलते आणि तो समुद्रावर निघालेला असतो. त्या ओळीत मी दाराच्या आधीच दम घेतला, तर रुमालाखाली माझं बोट मोडायची वेळ आली. "काहून थांबला? म्हातारी हवेत लटकून राह्यली न! तिले दारात त उभी कर." मला हसू आलं. तेही हसले. त्या सगळ्या काळात ते हसल्याचं मला एवढंच आठवतं.

आसेगावहून मंगरूळपीरला बंडीनं येता-जाता मी पाठ केलेल्या ओळी म्हणत यायचो. कधीकधी बायको बरोबर असायची. एकदा तिनं विचारलं, "काहो, काय म्हनते ते?"

"मले काय मालूम."

"मंग कायले जीव काढून राह्यले?"

मी बैलांवर ओरडलो. खरं म्हणजे मला चटक लागली होती. रेघांप्रमाणे वाचताना मधेच एखादी ओळ अशी जमायची की ती माझी राहायची नाही. कोणीतरी बाई माझ्या गळ्यातून बोलून जायची, आणि साहेबांचा हात माझ्या हातावर नुसता पडून राहायचा. एवढंसं सुख, पण बाजारातल्या कुठल्याच सौद्यात ते मला मिळालं नव्हतं. पण पान उलटलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. नव्या पानावर रेघा नसत आणि मी पुन्हा आंधळा.

"एक पान," साहेब एकदा म्हणाले. "सगळं पुस्तक नाई म्हनत मी. एक पान अस्सं वाच का मले बोट हलवा लागू नये. बस."

मी म्हटलं, "वाचतो." दलालानं शब्द दिला की दिला.

त्याची किंमत मला पुढच्या श्रावणात कळली. देवळात पोथी उघडली आणि पहिल्याच ओवीत मी चाल सोडून अर्थावर थांबलो. मुद्दाम नव्हे, जीभच थांबली. पुढे चाल पकडायला गेलो तर ती सापडेना. माणसं चुळबुळ करायला लागली. एक म्हातारा मागून मोठ्यानं म्हणाला, "हा वाचून राह्यला का बोलून राह्यला?" दोन-तीन दिवस तसंच झालं. मग गावानं गोड शब्दांत सांगितलं की यंदा दुसऱ्या घराला वाचू द्यावी. साहेबाच्या नादानं हा बाटणार, असंही कोणीतरी बोललं. वडिलांपासून चालत आलेला मान असा गेला. मला फार लागलं ते. मी साहेबांना सांगितलं नाही.

मग कापसाचा हंगाम आला. बाजार दिवसभर चालायचा, तरी दिवेलागणीला मी बंगल्यावर जायचोच. दारातल्या म्हातारीचं पान मी पक्कं केलं होतं. रेघांकडे न पाहता येत होतं. त्या संध्याकाळी साहेबांची तब्येत बरी वाटत होती, त्यांनी दुपारी नीट जेवण केलं होतं. मी उजव्या बाजूला बसलो, रुमाल टाकला आणि म्हटलं, "साहेब, आज पान."

"पाहू," ते म्हणाले.

पहिली ओळ गेली. हात हलला नाही. दुसरी गेली. म्हातारी दारात नीट उभी राहिली. लेकरं कडेवरच राहिली. मी कान देऊन वाचत होतो आणि माझ्या हातावर त्यांचा हात जड, ऊबदार, निवांत पडलेला होता. इतकी वर्षं बाजारात घातलेला माणूस मी. निवांत हाताचा अर्थ मला कोणी शिकवायला नको होता. सौदा पटत होता. छातीत आनंद मावत नव्हता, तरी आवाज वर जाऊ दिला नाही. म्हातारीनं मुलाला जे विचारायचं ते विचारलं, अर्धविरामासारख्या त्या चिन्हावर प्रश्न नीट उभा केला, शेवटच्या लाल रेघेवर आवाज खाली ठेवला आणि थांबलो.

"साहेब, पटला?"

ते बोलले नाहीत. मला वाटलं गहिवरले. मी त्यांच्याकडे वळलो तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि मिशीवरून लाळ गळत होती.

लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर येऊन गेला. खानसाम्यानं तेल चोळलं, दर्ग्यावरून पाणी आणून ओठांना लावलं. जीव राहिला. त्या पानाच्या कुठल्या ओळीवर हात गेला, ते मला आजही माहीत नाही. पहिल्या दोन ओळी त्यांनी ऐकल्या असाव्यात असं मी स्वतःला सांगतो. कधी वाटतं अर्धं पान ऐकलं. कधी वाटतं, पाहू म्हणाले त्याच क्षणी गेला असेल. मी खूप हिशेब करून पाहिला, पण त्याला धरायला काही नाही.

मी जाणं सोडलं नाही. आता ते आतल्या खोलीत खाटेवर असायचे. डोळे आधीच गेलेले, जीभ गेलेली, उरले होते फक्त कान. मी खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल ठेवायचो, तो मेलेला हात हातात घ्यायचो, रुमाल टाकायचो आणि वाचायचो. रुमाल कशाला, असं खानसामा विचारायचा. सवय, दुसरं काय.

रेघा केलेली पानं थोडीच होती. पुढच्या कोऱ्या पानांना हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून तीच पानं फिरवून फिरवून वाचायचो. आणि त्यातूनच नाश झाला. तेच तेच म्हणता म्हणता त्याला चाल लागायला लागली. आधी ओळीच्या शेवटी आवाज जरा रेंगाळायला लागला. मग मधे चढायला लागला. मला ते ऐकू येत होतं. रेघ दिसायची, रेघेवर थांबायचोही, पण ते थांबणं नुसतं रेघेपुरतं, बोलणाऱ्याचं नव्हे. दाबणारं बोट नसलं की गळा आपल्या जुन्या वाटेनं चालू लागतो, बैल सोडला की घराकडे वळतो तसा. मोठी चेष्टा अशी की देवळात जी चाल मला सापडेना, ती इथे न बोलावता आली.

वाचताना साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. खानसामा म्हणायचा, "साहेब खुश हायेत भाऊ. खुशीचे आंसू हायेत ते." मला ते खरं मानायचं होतं आणि मी मानलं.

एकदा बायको माझ्याबरोबर साहेबांना बघायला आली. दारात बसून तिनं सगळं ऐकलं.  परतताना बंडीत ती म्हणाली, "तुमी पहिलेवानीच वाचून राह्यले आता. पोथीवानी."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले काई समजत नाई. पन मधी तुमी बंडीत म्हनत होते, तवा कोनी बोलून राह्यलं असं वाटे."

मी बैलांना उगाच चाबूक मारला. राग तिचा नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता माझं लक्ष खाटेच्या पलीकडच्या कडेला गेलं. तिथे साहेबांचा डावा हात चादरीवर होता. तो हलत होता. बोटं आत वळत होती, सुटत होती. एवढे दिवस मी त्या खोलीत येत होतो. डावं अंग शाबूत आहे, हे डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलं होतं. त्या हातानं ते पाण्याचा पेला धरत होते. तरी रुमाल घेऊन त्या बाजूला जाऊन बसावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डाव्या हाताशी कोणी बोलत नाही. आमच्या बाजारात तो हातच नसतो.

मी स्टूल उचललं, खाटेला वळसा घातला आणि त्या बाजूला बसलो. त्यांच्या डाव्या हाताखाली माझा हात सरकवला. रुमाल टाकला.  वाटलं, आता पुन्हा बोट दाबेल, मी चुकेन, ते दुरुस्त करतील, चाल जाईल, पुढची कोरी पानं उघडता येतील. मी दारातल्या म्हातारीपासून सुरुवात केली.

ती दारापर्यंत पोचली नाही तोच मूठ आवळली गेली.

मी थांबलो. मूठ सैल झाली. मला वाटलं, सुरुवातच चुकली असेल. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, जपून. मूठ. एक बोट नाही, दोन बोटं नाहीत. मी दुसरं पान काढलं. पहिल्या शब्दालाच मूठ, आणि या वेळी एवढी घट्ट की माझी नखं पांढरी पडली.

खानसामा चहा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "हे त रोजचंच हाय, भाऊ. तुमी वाचाले बसले का तो हात अस्सा मूठ आवयते. तुमी उठून गेले का मंग सोडते. आमाले वाटे, दुखते म्हनून."

रोज. मी रोज पलीकडे बसून मेलेला हात धरून वाचत होतो आणि अलीकडे जिवंत हात रोज मला थांब म्हणत होता.

मी पुस्तक मिटलं. मूठ सुटली. तो हात माझ्या हातावर निवांत पडून राहिला.

त्यानंतरही मी रोज जात असे. डाव्या बाजूला बसायचो, रुमाल टाकायचो आणि आम्ही दोघं गप्प बसायचो. डोळ्यांतून पाणी येणं बंद झालं. ते आनंदाचं होतं, असं खानसामा नंतर कधी म्हणाला नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा ते गेले. बाभळीखाली, बाईंच्या शेजारी खड्डा खणला. गावातली बरीच माणसं आली होती. त्यांच्या धर्माचा कोणी नव्हता, काय म्हणायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले. खानसामा म्हणाला, "भाऊ, तुमाले येते त्याइची भाषा. दोन सबद बोला."

पुस्तक माझ्या काखेत होतं. दारातल्या म्हातारीचं पान मला पाठ होतं. मी तोंड उघडलं नाही. मग माणसांनी माती लोटली.